नववी पुस्तिका

गाडी बंद पडण्याची कारणं जगात फक्त तीन. पेट्रोल, हवा आणि ठिणगी! चौथं कारण नाही. चौथं कारण सांगणारा मेकॅनिक तुम्हाला गंडवतोय असं खुशाल समजा. हे मी, गोरख घोसाळकर, मुक्काम पनवेल, अधिकारवाणीने सांगतो. कारण माझ्याकडे सर्टिफिकेट आहे!

आता तुम्ही म्हणाल, कसलं सर्टिफिकेट? तर 'घरबसल्या मोटार दुरुस्ती' या पोस्टाने येणाऱ्या अभ्यासक्रमाचं. बारा पुस्तिका, दरमहा एक, आणि शेवटी परीक्षा. मी तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. दिवसभर नट, बोल्ट, वॉशर मोजून देतो. ज्याच्या हातून दिवसाला चारशे नट जातात त्याला इंजिन कळणार नाही तर कुणाला कळणार? प्रमिला, म्हणजे आमची बायको, म्हणते की भांड्यांच्या दुकानात बसणाऱ्याला स्वयंपाक येतोच असं नाही. पण तिला यंत्रशास्त्रातलं काय कळतंय! सर्टिफिकेट मी फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलं. बारापैकी नववी पुस्तिका तेवढी वाचायची राहिली होती. ती आली आणि टीव्हीवर क्रिकेटचे सामने सुरू झाले, त्याला मी काय करणार? परीक्षेत चारपैकी एका उत्तरावर खूण करायची असते. नवव्या पुस्तिकेच्या प्रश्नांना मी सगळीकडे 'क'वर खूण केली आणि पास झालो.

त्र्याण्णव साली मी एक जुनी फियाट घेतली. गाडी चांगली होती बरं का. पुढे जे काही घडलं त्यात तिचा काडीचा दोष नाही, हे आधीच सांगून टाकतो.

त्याच वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचं, शशिकलाचं, लग्न जमलं. ती आमच्याकडेच असायची, शाळेत शिकवायची. तिची याआधीची दोन स्थळं मोडली होती आणि त्याचं खापर ती माझ्यावर फोडते. पहिल्या स्थळाच्या घरी मुलगी दाखवायला गेलो, तर त्यांचा पंखा आवाज करत होता. मी नुसता बघायला म्हणून उघडला. आता तो मुलाच्या आत्याच्या ताटात पडला ही माझी चूक? दुसऱ्यांच्या मिक्सरबद्दल मी काही बोलत नाही.

पण हे तिसरं स्थळ सोन्यासारखं! पेणचा उदयसिंह. फौजेत हवालदार, बोलायला मोजका, आणि शशीला मनापासून आवडलेला. ती त्याची पत्रं उशीखाली ठेवायची आणि आम्ही ते न पाहिल्यासारखं करायचो. दिवाळीनंतर साखरपुडा करायचा ठरत होतं, तेवढ्यात तार आली. सुट्टी रद्द! दसऱ्याच्या दिवशी निघून संध्याकाळी कल्याणहून जम्मूची गाडी पकडायची. पुन्हा सुट्टी कधी, तर वर्षभर नाव नको. उदयसिंहाच्या आत्याने तर वडखळची एक मुलगी हेरूनच ठेवली होती. साखरपुडा झाला नाही तर वर्षभरात ती काय करील याचा भरवसा नव्हता.

म्हणून ठरलं, दसऱ्यालाच सकाळी साडेअकराला पेणला साखरपुडा. आमच्या दोन खोल्यांत माणसं मावली नसती, त्यांचं अंगण मोठं. जेवण उरकून मुलगा एकच्या एस.टी.ने निघणार.

"दादा, मी सगळ्यांबरोबर सकाळच्या एस.टी.ने जाते," शशी म्हणाली.

"नवरी मुलगी एस.टी.ने? घरात मोटार असताना? आणि मोटारीचा डॉक्टर असताना?"

"डॉक्टर आहे म्हणूनच म्हणते," ती हळूच म्हणाली. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

बाकीची मंडळी आठच्या एस.टी.ने पुढे गेली. राहिलो आम्ही तिघं, मी, प्रमिला आणि शशी.

दसरा म्हणजे शस्त्रपूजा, यंत्रपूजा. कारखान्यात लेथ मशीनला हार घालतात, रिक्षावाले रिक्षाला, न्हावी कात्रीला. मी गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, आंब्याचं डहाळं बांधलं. प्रमिला हळद-कुंकू घेऊन चाकापाशी बसली आणि नारळ माझ्या हातात दिला.

"फोडा चाकापुढे."

"चाकापुढे?" मी हसलो. "प्रमिला, चाक हे फक्त गोल फिरतं. शक्ती कुठे असते? इंजिनात! चाकाला नारळ अडाणी लोक फोडतात."

"अहो, बाहेर दगडावर फोडा. आत पाणी जाईल."

"इंजिनात पाणी घालावंच लागतं. रेडिएटर कशाला म्हणतात माहितेय?"

मी बॉनेट उघडलं, गजाननाचं नाव घेतलं आणि इंजिनाच्याच लोखंडी कोपऱ्यावर नारळ असा फोडला की एका फटक्यात दोन भकलं! पाणी भरपूर निघालं. इंजिनभर पसरलं. मला फार प्रसन्न वाटलं.

दहा वाजता निघालो. पनवेलमधून बाहेर पडताना गाडी जरा ठसकत होती.

"ही खोकतेय का?" प्रमिलाने विचारलं.

"धुतल्यावर जरा गारठते," मी म्हणालो.

पळस्प्याचा फाटा गेला आणि ठसका वाढला. कर्नाळ्याचा चढ लागला तशी गाडी तीन आचके देऊन रस्त्याच्या कडेला जी बसली ती बसलीच. साडेदहा वाजले होते. एका बाजूला झाडी, दुसऱ्या बाजूला झाडी, वर किल्ल्याचा सुळका, आणि कठड्यावर ओळीने बसलेली माकडं. शेजारी सागाच्या पानांवर काकड्या मांडून एक ठाकरीण बसली होती. तिचं नाव जिजा, हे पुढे कळलं, कारण पुढचे तीन तास आम्ही शेजारी होतो!

"दहा मिनिटं," मी बाह्या सरसावल्या. "कारणं तीन. पेट्रोल, हवा, ठिणगी."

सुट्या भागांसाठी काहीतरी स्वच्छ भांडं हवं असतं, हे पुस्तिका पहिली, पान चार. मी साखरपुड्याचं औक्षणाचं ताट घेतलं. प्रमिला ओरडली, पण तोवर मी त्यात पहिला स्क्रू ठेवला होता.

आधी पेट्रोल. पंपाची नळी सोडवली आणि पेट्रोल येतंय का बघायला तोंडाने ओढलं. येत होतं. चांगलं घोटभर आलं! पुढची पाच मिनिटं मी कठड्याशी वाकून खोकत होतो आणि माकडं माझ्याकडे सहानुभूतीने बघत होती. मग कार्बोरेटरची जेट काढली, फुंकली, पुन्हा लावली. पेट्रोल ठीक.

एवढ्यात खालून पेणकडे जाणारी एस.टी. आली. शशीने हात केला. ड्रायव्हरने वेग कमी केला, आणि मी, हो मीच, पाना हलवत ओरडलो, "जाऊ द्या, जाऊ द्या! आमचं झालंच!"

एस.टी. गेली.

"दादा!" शशी म्हणाली. तिच्या आवाजात काय होतं ते लिहिता येत नाही.

"अगं, दोन मिनिटांत आपण तिला मागे टाकू. आता हवा!"

हवेचा फिल्टर काढला. त्यात एक झेंडूचं फूल निघालं. मी विजयी मुद्रेने ते दोघींना दाखवलं, फिल्टर झटकून बसवला आणि किल्ली फिरवली. घ्यँ घ्यँ घ्यँ. काही नाही. सव्वाअकरा.

राहिली ठिणगी. आणि ठिणगी म्हणजे, तुम्ही ओळखलंच असेल, पुस्तिका नववी.

पण मी डगमगलो नाही. ठिणगी कुठून निघते? डिस्ट्रिब्युटरच्या काळ्या टोपणातून. तिथून चार जाड वायरी चार प्लगांकडे जातात. मी चारही वायरी उपटल्या, प्लग काढले, धोतराच्या फडक्याने पुसले आणि परत लावले. वायरीही परत खोचल्या. चार वायरी, चार भोकं. कुठली कुठे याला काही क्रम असतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. दिवाळीच्या दिव्यांची माळ कुठूनही लावली तरी पेटते, तसंच हे, असं मी समजलो.

"प्रमिला, किल्ली फिरव!"

मी कार्बोरेटरवर वाकून आत काय चाललंय ते बघत होतो. प्रमिलाने किल्ली फिरवली.

फाडकन् असा बार झाला की कर्नाळ्यातले सगळे पक्षी एकदम उडाले! माझी भुवई एका बाजूने गेली. पांढरा सदरा छातीपर्यंत काळा झाला. जिजा काकडीची पाटी डोक्यावर घेऊन उभी राहिली.

"फुटली का रं बाबा तुजी मोटार?" तिने विचारलं.

"नाही हो, बॅकफायर म्हणतात याला," मी शक्य तितक्या शांतपणे म्हणालो. शब्द दहाव्या पुस्तिकेत होता.

पण आता मी इरेस पेटलो. डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढलं. त्याच्या आत एक छोटा तपकिरी तुकडा असतो, सुपारीपेक्षा थोडा मोठा. त्याला रोटर म्हणतात. तो काढून मी ताटात ठेवला आणि घाम पुसायला वळलो. वळतो न वळतो तोच प्रमिला किंचाळली. एक दांडगा हुप्प्या ताटातला रोटर घेऊन झाडावर!

झाडावर बसून त्याने तो चावून पाहिला. उलटा करून पाहिला. माझ्याइतकंच त्यालाही त्यातलं कळत होतं.

"पेढे द्या त्याला!" मी ओरडलो.

साखरपुड्याचे पेढे होते, किलोभर. प्रमिलाने एक फेकला. हुप्प्याने डाव्या हाताने झेलला आणि उजव्या हातात रोटर तसाच. दुसरा फेकला. तो त्याच्या बायकोने झेलला. मग त्याचं सगळं खटलं खाली उतरलं. अर्धा किलो पेढे संपले तरी रोटर वरच!

"पेढे नगं देऊ," जिजा बसल्या जागेवरून म्हणाली. "गोडाला तं त्यो हिथंच ऱ्हाईल. मोठी काकडी दे. दोन हात लागत्यात तिला."

तिने स्वतःच एक हातभर लांब काकडी झाडाखाली ठेवली. हुप्प्या उतरला, काकडीकडे बघितलं, हातातल्या तुकड्याकडे बघितलं, तुकडा टाकला आणि काकडी दोन्ही हातांनी छातीशी धरून पसार झाला. बारा पुस्तिकांत असं एकही वाक्य नव्हतं.

रोटर मिळाला. पण तो कुठल्या बाजूने बसतो? मी तो चारही दिशांनी बसवून बघत होतो. मध्येच वर पाहिलं तर शशी कठड्यावर बसली होती. हिरवी पैठणी, केसांत अबोलीचा गजरा, आणि हातात घड्याळ. दोन भरलेल्या एस.ट्या तिने हात करूनही न थांबता गेल्या होत्या. ती रडत नव्हती, पण ओठ घट्ट दाबून बसली होती. लहानपणी मी तिची बाहुली उघडून 'दुरुस्त' केली होती तेव्हा ती अशीच बसली होती. मंडळी, थट्टा जाऊ द्या. त्या वेळी मला खरंच माझी लाज वाटली.

पावणेएकला करंजाहून मासळी घेऊन पेणकडे निघालेला एक ट्रक आमच्या मागे थांबला. बर्फाचं पाणी आणि बोंबलांचा वास सोडत. ड्रायव्हर खाली उतरला. त्याचं नाव काशिराम.

"काय शेट, गारी बंद परली?"

"नाही, तपासणी चाललीय," मी म्हणालो.

काशिरामने माझ्या भुवईकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, माकडांकडे पाहिलं. मग डिस्ट्रिब्युटरचं टोपण उचललं. आतून बोट फिरवलं. बोट चाटलं!

"गोर लागतंय," तो म्हणाला. "शेट, इंजनावं नारल फोरलास काय?"

प्रमिलाने सकाळपासूनचं सगळं सांगून टाकलं, नववी पुस्तिकासुद्धा!

"आता कसा हाय," काशिराम फडक्याने टोपण पुसत म्हणाला, "नारलाचा पानी आत गेला, इंजन तापलं, वाफ झाली, ठिनगी भलतीकरंच पलाली. सकालीच पुसला असतास तं पाच मिन्टांचा काम व्हता. पन तू वायरीचा पार भजा केलास. अर्धा घंटा तरी जाईल. ताईस्नी पेनला जायाची घाई असंल तं माझ्या किलिनरबरोबर ट्रकात बसवू. वास जरा हाय, पन गारी चालते!"

शशी पैठणी सावरून उठली सुद्धा. मासळीच्या ट्रकात! पण पाय वर टाकताना तिने घड्याळ पाहिलं आणि थबकली. आमच्या या गोंधळात आणि काशिरामच्या व्याख्यानात एक वाजत आला होता. पेणला पोचेपर्यंत दीड.

"ते निघालेच असतील," ती म्हणाली. "एकची एस.टी."

जिजानेसुद्धा काकडी कापायची थांबवली. आणि मग शशीचा चेहरा एकदम बदलला.

"वहिनी! पेणची एस.टी. पनवेलला कुठून जाते?"

"कुठून म्हणजे? इथूनच..." प्रमिला म्हणाली आणि तिनेही तोंडावर हात ठेवला.

मग काय धावपळ! प्रमिलाने ताटातले स्क्रू बॉनेटखाली वाकलेल्या काशिरामच्या फडक्यात ओतले, ताट पदराने पुसलं, कुंकू काढलं. शशी रस्त्याच्या मध्ये जाऊन उभी राहिली. दीडच्या सुमाराला चढावरून लाल एस.टी. दिसली. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. शशी हलली नाही. ब्रेक असे लागले की मागची माणसं पुढच्यांना विचारायला लागली, काय मेलं म्हणून.

कंडक्टर दारातून ओरडला, "ओ ताई! इथे थांबा नाहीये!"

"मला चढायचं नाहीये! साखरपुडा करायचाय!"

कंडक्टरचं तोंड उघडंच राहिलं. त्याच्या मागून ट्रंक ओलांडत, हिरव्या वर्दीतला उदयसिंह खाली उतरला. पाठोपाठ त्याचे आईवडील, त्याला पनवेलपर्यंत पोचवायला निघालेले. उदयसिंहाने खिशातून अंगठी काढली.

"मी मुद्दाम खिडकीशी बसलो होतो," तो शशीला म्हणाला. "म्हटलं, वाटेत कुठेतरी दिसाल."

मला एकदम भरून आलं. डोळे पुसले तर डोळ्यांतही ग्रीस गेलं.

"पाच मिनिटं!" कंडक्टर म्हणाला. "पनवेलला टाइम द्यावा लागतो साहेब!"

फियाटच्या डिकीवर शेला अंथरला. प्रमिलाने ओवाळलं. कुंकवात थोडं इंजिन ऑइल गेल्यामुळे नवऱ्यामुलाच्या कपाळावर काळा टिळा उठला, पण सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागणार नाही. अंगठी शशीच्या बोटाला जरा घट्ट होत होती. मी पुढे होऊन ग्रीसचा हात लावला, सर्रकन बसली! माझ्या सर्टिफिकेटचा त्या दिवशी तेवढाच उपयोग झाला. सगळी एस.टी. खिडकीतून टाळ्या वाजवत होती. उरलेले पेढे पन्नास माणसांत पुरेनात, तेव्हा जिजाने काकड्या कापून मीठ लावून वाटल्या. पैसे विचारले तर म्हणाली, "बहिनीचं हाय ना? मंग र्‍हाऊ दे."

आणि त्याच क्षणी मागून आवाज आला. घर्रर्र! काशिरामने गाडी चालू केली होती. काय ते इंजिन! शिलाईमशीनसारखं चालत होतं. माझी छाती पुन्हा फुगली.

"उदयसिंहराव!" मी दार उघडून म्हणालो. "एस.टी. कशाला? बसा! शशी, तूही बस. वीस मिनिटांत पनवेलला सोडतो!"

उदयसिंहाने गाडीकडे पाहिलं. मग माझ्या अर्ध्या भुवईकडे. मग नम्रपणे म्हणाला, "दादा, मला जम्मूला पोचायचंय."

तो एस.टी.त चढला. त्याला निरोप द्यायला शशी चढली. तिच्या सोबतीला प्रमिला चढली. सासूसासरे होतेच. मीही पाय उचलला, तर प्रमिलाने दारातूनच अडवलं.

"तुम्ही कुठे? पेणला तीस-चाळीस माणसं जेवायची थांबलीत. ती गाडी घ्या आणि जाऊन सांगा त्यांना. आणि वाटेत काही उघडू नका!"

कंडक्टरने दोन घंट्या दिल्या. एस.टी. वळणापलीकडे गेली. काशिरामही हात हलवून निघून गेला.

मी एकटा पेणला निघालो. गाडी कुठेही ठसकली नाही. बरोबर अर्ध्या तासात मी त्यांच्या अंगणात शिरलो. मांडवातली सगळी माणसं उठून उभी राहिली. मुलाचे महादेवकाका धावत पुढे आले, त्यांनी पुढचं दार उघडून पाहिलं, मागचं दार उघडून पाहिलं.

"अहो घोसाळकर, मुलगी कुठाय?"

"पनवेलला."

"पनवेलला? मग आमचा मुलगा?"

"तोही आता पनवेललाच पोचला असेल. साखरपुडा झाला. कर्नाळ्याच्या चढावर."

काकांनी माझ्या काळ्या सदऱ्याकडे बघितलं, मग रिकाम्या गाडीकडे.

"मग तुम्ही एकटेच इथे कशाला आलात?"

खरं म्हणजे प्रमिलाचा निरोप सांगायचा होता. पण चाळीस माणसं टक लावून बघत होती.

"गाडी चालू झाली," मी म्हणालो.